लकवा मारल्यावर पाय चालायला लागतो, मग हात का मागे राहतो?

दिवाळीच्या आसपास बोदवड तालुक्यातल्या गावांत गेलं, तर दिवसा बरीच घरं रिकामी दिसतात. कापूस वेचणी सुरू असते आणि घरातले सगळे शेतात असतात. एखाद्या ओट्यावर एखादे आबा बसलेले असतात. काठी भिंतीला टेकवलेली, एक हात मांडीवर, कोपरात वाकलेला आणि मूठ मिटलेली. लकवा मारून चार-पाच महिने झालेले असतात. आबा आता पारापर्यंत चालत जाऊन येतात. घरचे सांगतात, "बरे झाले, फक्त हात तेवढा राहिला."

हे वर्णन कुणा एकाचं नाही. पक्षाघातातून वाचलेल्या कितीतरी माणसांची गोष्ट याच वाक्यावर येऊन थांबते. चालता येणं म्हणजे बरं होणं, असं धरलं जातं आणि हात आपोआप येईल म्हणून सोडून दिला जातो. पण हात आपोआप येत नाही. तो किती येईल याचा बराचसा अंदाज पहिल्या आठवड्यातच लावता येतो आणि त्या अंदाजावर पुढे काय करायचं ते ठरतं. हा अंदाज कसा लावतात, हात कसा मोजतात आणि मोजून झाल्यावर घरी काय करायचं, ते समजून घेऊ.

आधी एक गैरसमज

पक्षाघात हा शहरातल्या, खुर्चीत बसून काम करणाऱ्यांचा आजार आहे असं अजूनही बोललं जातं. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांमध्ये २०११ ते २०१३ या दोन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं. एकूण १,५९९ मृत्यूंपैकी १४.३ टक्के पक्षाघाताने झाले होते, म्हणजे साधारण सातामागे एक. मृत्यूच्या कारणांमध्ये पक्षाघात पहिल्या क्रमांकावर निघाला आणि यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले होते. गडचिरोली आणि खान्देश यांत फरक आहेत. पण राबणाऱ्या माणसाला लकवा मारत नाही, हा समज तिथल्या आकड्यांनी खोटा ठरवला. न तपासलेलं रक्तदाब हे याचं सगळ्यात मोठं कारण आहे आणि शेतात राबल्याने ते आपोआप आटोक्यात राहत नाही.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तोंड वाकडं होणं, एक हात खाली पडणं, बोलणं अडखळणं यातलं काहीही अचानक दिसलं, तर १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. लकव्याचं औषध देणाऱ्याकडे आधी जाऊन येऊ म्हटलं, की ही वेळ निघून जाते.

मेंदूत हाताची जागा कुठे असते?

पाय लवकर सुधारतो आणि हात मागे राहतो, यामागे मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची रचना आहे. शरीराची हालचाल चालवणारा मेंदूचा पट्टा डोक्याच्या एका बाजूने वरून खाली येतो. त्यात पायाची जागा वर, दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत असते. हात आणि चेहरा यांची जागा बाहेरच्या बाजूला असते आणि एकट्या हाताने तिथे भरपूर जागा व्यापलेली असते. या बाहेरच्या भागाला ज्या मोठ्या धमनीतून रक्त मिळतं, तिच्यातच पक्षाघाताची गुठळी सर्वांत जास्त वेळा अडकते. पायाच्या जागेला मुख्यतः दुसरी धमनी रक्त पुरवते, त्यामुळे तिथलं नुकसान अनेकदा कमी असतं.

कामातही फरक आहे. चालणं ही ठोकळ आणि तालावर चालणारी हालचाल आहे. गुडघा पूर्ण वाकला नाही तरी माणूस पाय ओढत पुढे जातो. हाताचं तसं नसतं. सुईत दोरा ओवायला, शर्टाचं बटण लावायला किंवा बोंडातून कापूस उपसायला प्रत्येक बोट वेगळं हलावं लागतं. हा वेगळेपणा मेंदूकडून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या एका खास मार्गातून येतो. तो मार्ग कितपत शाबूत आहे, त्यावर हाताचं भवितव्य ठरतं.

तिसरं कारण घरातलं आहे. चालायचं तर दोन्ही पाय टाकावेच लागतात, लंगड्या पायालाही सुट्टी नसते. हाताचं काम मात्र दुसरा हात एकट्याने उरकू शकतो. त्यामुळे दुबळ्या हाताला बसून राहायची मुभा मिळते. याचा परिणाम काय होतो ते पुढे येईलच.

तिसऱ्या दिवशीची दोन हालचालींची परीक्षा

दवाखान्यात दाखल झाल्यावर हाताची पहिली तपासणी सोपी असते. हात समोर उचलून धरायला सांगतात आणि दहा सेकंद मोजतात. हात तरंगत राहिला, हळूहळू खाली आला की धपकन पडला, ते नोंदवतात. यातून पक्षाघात किती मोठा आहे ते कळतं. हात परत येईल का, हे मात्र यातून नीट कळत नाही.

त्यासाठी दोन हालचाली बघतात: हात खांद्यातून बाजूला उचलणं आणि मिटलेली बोटं उघडणं. नेदरलँड्समध्ये १८८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पक्षाघातानंतर दुसऱ्या दिवशी ज्यांना या दोन्ही हालचाली थोड्या तरी जमत होत्या, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत येण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्यांना दोन्ही जमत नव्हत्या, त्यांच्यात ती २५ टक्क्यांवर होती. 'थोड्या तरी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. बोटं पूर्ण ताठ व्हायची गरज नाही, दिसेल इतकी उघडली तरी पुरतं.

न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या कॅथी स्टिनिअर आणि सहकाऱ्यांनी याच दोन हालचालींना गुण देण्याची पद्धत बसवली. प्रत्येक हालचालीला शून्य ते पाच गुण. काहीच हललं नाही तर शून्य, स्नायू नुसता फडफडला तर एक, गुरुत्वाकर्षणाच्या विरोधात हात उचलता आला तर तीन, पूर्ण ताकद असेल तर पाच. तिसऱ्या दिवशी दोन्हींची बेरीज पाच किंवा जास्त आली आणि वय ऐंशीच्या आत असलं, तर तीन महिन्यांत हात बहुतेक कामांना लागेल असा अंदाज देतात. बेरीज पाचाच्या खाली असेल, तर मेंदूला चुंबकीय झटका देऊन हाताच्या स्नायूपर्यंत संदेश पोहोचतो का ते बघतात. ते यंत्र तालुक्याच्या दवाखान्यात मिळणार नाही. पण परीक्षेच्या पहिल्या भागाला फक्त बघणारे डोळे आणि दोन मिनिटं लागतात. घरच्यांनी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला थेट विचारावं: "बोटं उघडतात का, खांदा उचलतो का, आणि ते कागदावर लिहून द्याल का?"

लिहून घ्यायचं कारण असं, की दवाखाना बदलतो. भुसावळला दाखल झालेला माणूस जळगावला जातो आणि तिथून घरी येतो. सोबत सीटी स्कॅनची फिल्म आणि गोळ्यांची चिठ्ठी असते, पण तिसऱ्या दिवशी हात कसा होता हे कुठेच लिहिलेलं नसतं. पुढे महिन्याभराने सुधारणा झाली की नाही हे ठरवायला काही मापच उरत नाही. "जरा फरक वाटतो" एवढ्यावर काम भागवावं लागतं.

क्रिकेटचा चेंडू, गोटी आणि वॉशर

पहिले काही दिवस गेल्यावर हात बारकाईने मोजायच्या दोन पद्धती जगभर वापरल्या जातात.

पहिली स्वीडनच्या अ‍ॅक्सेल फुगल-मायर आणि सहकाऱ्यांची, १९७५ सालची. तिच्यात हाताला ६६ गुण असतात: खांदा, कोपर आणि कोपराखालचा भाग मिळून ३६, मनगटाला १०, पंजाला १४ आणि हालचालीच्या समन्वयाला ६. लकव्यानंतर हात उचलायला गेलं की कोपर आपोआप वाकतं, खांदा वर चढतो, बोटं मिटतात, म्हणजे सगळं एका गाठोड्यासारखं हलतं. ही गाठ किती सुटली आहे, हे ती परीक्षा मोजते. तिला साहित्य फार लागत नाही, पण तपासणाऱ्याचा हात बसलेला असावा लागतो.

दुसरी रोनाल्ड लाईल यांची, १९८१ ची. ही कामाची परीक्षा आहे. १९ कामं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण ५७. टेबलावरून लाकडी ठोकळे उचलून फळीवर ठेवायचे, क्रिकेटचा चेंडू उचलायचा, धार लावायचा दगड उचलायचा, एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं, बोल्टवर वॉशर घालायचा, गोटी आणि बेअरिंगची बारीक गोळी चिमटीत धरायची. शेवटी हात डोक्यामागे, डोक्यावर आणि तोंडाशी न्यायचा.

दोन्ही चांगल्या आहेत, पण दोन्ही खान्देशातल्या स्वयंपाकघरापासून दूर आहेत. भाकरी थापायला दोन्ही तळवे लागतात. वरण-बट्टी कुस्करायला पाचही बोटांचं बळ लागतं. धुणं पिळताना दोन मनगटं एकमेकांच्या उलट फिरतात. यातलं काहीच त्या ५७ गुणांत येत नाही. म्हणून चांगला थेरपिस्ट गुण मोजून झाल्यावर आणखी एक प्रश्न विचारतो: आता कोणतं काम करता येत नाही, ज्याची रोज आठवण येते? बाई म्हणेल भाकरी. पुरुष म्हणेल मोटारसायकलचा क्लच. उपचाराचं लक्ष्य तिथून ठरतं.

उजवा हात गेला असेल तर अडचण दुहेरी असते. डाव्या हाताने जेवणं आपल्याकडे अशुभ मानतात, प्रसादही डाव्या हातात घेत नाहीत. त्यामुळे कितीतरी माणसं चारचौघांत जेवायचं टाळतात, लग्नाच्या पंगतीला जात नाहीत. हे कुठल्याही गुणपत्रिकेत येत नाही आणि विचारल्याशिवाय कुणी सांगतही नाही. शिवाय उजवी बाजू गेली की अनेकदा मेंदूतली भाषेची जागाही दुखावलेली असते. तपासताना सांगितलेलं त्यांना समजलं नाही, तर हात हलत नाही असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. खुणेने दाखवून बघावं लागतं. डावी बाजू गेलेल्यांचा प्रश्न वेगळा असतो. काही जण डाव्या बाजूचं जगच विसरतात, ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशा माणसाच्या हातात बळ असूनही तो हात वापरत नाही.

हात न वापरायची सवय

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब माकडांवर प्रयोग करत होते. माकडाच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या की ते तो हात वापरणं बंद करायचं. हलवणाऱ्या नसा शाबूत असूनही हात लोंबत राहायचा. चांगला हात बांधून ठेवल्यावर मात्र ते तोच 'निकामी' हात वापरायला लागायचं. (१९८१ साली प्राण्यांच्या छळाच्या तक्रारीवरून टॉब यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांची धाड पडली आणि अमेरिकेतल्या प्राणिहक्क चळवळीतलं ते गाजलेलं प्रकरण ठरलं. प्रयोगांवर झालेली टीका रास्त होती.) त्यातून निघालेला विचार मात्र टिकला. सुरुवातीच्या दिवसांत हात वापरायचा प्रयत्न फसतो, मेंदू त्यातून शिकतो की हा हात कामाचा नाही, आणि पुढे हातात जीव आला तरी ही शिकवण पुसली जात नाही.

बोदवडच्या ओट्यावर हीच शिकवण प्रेमाने दिली जाते. "आबा, राहू द्या, मी भरवते." "तुम्ही नका उठू, पाणी मी आणून देतो." शर्ट मुलगा घालून देतो, बटणं सून लावते. यात कुणाची चूक नाही. सासऱ्याला पाण्याचा तांब्या स्वतः उचलायला लावणारी सून शेजारच्यांच्या नजरेत वाईट ठरते. पण हाताचा विचार केला तर तीच सून बरोबर असते.

चांगला हात बांधून दुबळ्याला कामाला लावण्याच्या उपचाराची मोठी चाचणी अमेरिकेत झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण त्यात होते. उपचार घेणाऱ्या गटाने दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातावर जाड मोजा घातला आणि दुबळ्या हाताने रोज कित्येक तास कामं केली. त्यांच्या हाताची सुधारणा स्पष्टपणे जास्त झाली आणि वर्षभरानंतरही टिकली. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी मागे वळणाऱ्यांनाच त्यात घेतलं होतं. बोटं अजिबात न उघडणाऱ्या माणसाचा चांगला हात बांधला, तर तो दोन्ही हातांनी पांगळा होतो. उपचार एकच आहे, पण एकाला तो तारतो आणि दुसऱ्याला छळतो. कोण कोणत्या गटात आहे, ते मोजल्याशिवाय कळत नाही.

किती वेळा आणि कधी?

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००९ मध्ये थेरपीच्या वेळी प्रत्यक्षात हात किती वेळा वापरला जातो ते मोजलं. एका बैठकीत कामाच्या हालचाली भरल्या सरासरी ३२. प्राण्यांवरच्या अभ्यासांत मेंदूची जोडणी बदलायला दिवसाला शेकडो हालचाली लागतात. कापूस वेचणारी बाई दिवसभरात बोंडाकडे हात किती वेळा नेते, याच्याशी ३२ ची तुलना करून बघा.

कधी, याचं उत्तर अधिक रंजक आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ७२ रुग्णांची गटांत विभागणी केली होती. नेहमीच्या उपचारांवर हाताच्या कामाचे वीस तास जादा द्यायचे होते: एका गटाला पहिल्या महिन्यात, दुसऱ्याला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, तिसऱ्याला सहा महिन्यांनंतर. सर्वांत जास्त फायदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातल्या गटाला झाला. पहिल्या महिन्यातल्या गटालाही झाला, थोडा कमी. सहा महिन्यांनंतर वीस तासांनी फारसा फरक पडला नाही. त्याआधी २००९ च्या एका चाचणीत पक्षाघातानंतर साधारण दहाव्या दिवसापासून रोज तीन तासांचा मारा केलेला गट उलट मागे पडला होता. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत घाई नको आणि त्यानंतर ढिलाई नको.

आता हे बोदवडच्या वेळापत्रकावर ठेवून बघा. आठ-दहा दिवसांत माणूस दवाखान्यातून घरी येतो. पहिला महिना भेटायला येणाऱ्यांत जातो. दुसऱ्या महिन्यात घरचे शेतात परततात. तिसऱ्या महिन्यात "आता जेवढं यायचं तेवढं आलं" असं ठरतं. मेंदू सर्वांत जास्त शिकायला तयार असतो, नेमक्या त्याच काळात हात सर्वांत कमी वापरला जातो.

सहा महिन्यांनंतर सगळं संपतं असं मात्र नाही. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या केंद्रात तीन आठवड्यांत ९० तास हाताचं काम करून घेतात. तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पक्षाघात होऊन वर्ष उलटून गेलेलं असतं. २२४ रुग्णांच्या नोंदींत सुधारणा दिसली आणि पुढे सहा महिने टिकली. त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तरी वीस तासांनी जे झालं नाही ते नव्वद तासांनी होऊ शकतं, इतकं म्हणता येतं.

भारतात घरच्यांवर सोपवून पाहिलं, तेव्हा

थेरपिस्ट कमी आणि कुटुंबं मोठी, तर घरच्यांनाच शिकवू, हा विचार सगळ्यांना सुचतो. भारतातल्या १४ रुग्णालयांत तो नीट तपासला गेला. १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरातल्या एका माणसाला दवाखान्यातच व्यायाम आणि काळजी शिकवली आणि पुढे घरी जाऊन पाठपुरावा केला. बाकीच्यांना नेहमीचे उपचार मिळाले. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मरण पावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले रुग्ण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते.

हा निकाल कडू आहे आणि तो लपवू नये. घरच्यांचा उपयोग नाही असा त्याचा अर्थ लावणं मात्र चुकीचं ठरेल. ती चाचणी एकट्या हाताची नव्हती, एकूण परावलंबित्वाची होती आणि प्रशिक्षण काही तासांचंच होतं. त्यातून एवढं दिसतं, की थोडंसं शिकवून थेरपिस्टची जागा कुटुंबाला देता येत नाही. योजना थेरपिस्टने आखायची, मोजायचं त्याने, आणि रोजची संख्या भरायची घरच्यांनी, अशी वाटणी जास्त समंजस वाटते.

घरी काय करायचं?

बोटं थोडी तरी उघडत असतील, तर काम घरातच पडलेलं असतं. एका वाटीतले हरभरे दुसऱ्या वाटीत टाकायचे. शंभर दाणे मोजून ठेवले की मोजणी आपोआप होते. जमलं की वाटाणा, मग तूर. भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या. वांगी टोपलीतून परातीत ठेवायची. रिकामा पेला तोंडाशी न्यायचा, मग अर्धा भरलेला. बोंडातून कापूस काढणं हा चिमटीचा उत्तम व्यायाम आहे, फक्त बोटांना स्पर्श कळत नसेल तर बोंडाची वाळलेली टोकं बोचल्याचं समजत नाही, तेव्हा लक्ष ठेवावं. चांगल्या हातावर मोजा घालायचा असेल तर बसलेलं असताना, दोन-तीन तास. काठी धरून चालताना आणि चुलीजवळ अजिबात नाही. स्पर्श गेलेला हात तव्यावर भाजला तरी कळत नाही.

खांदा-कोपर हलतं पण पंजा उघडत नाही, अशांना मनगट उचलणाऱ्या स्नायूंना विजेचे सौम्य झटके देणारं यंत्र उपयोगी पडतं. ते फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली वापरावं. घरी असा हात मदतनीस म्हणून वापरायचा: परात दाबून धरायला, कागद धरायला, दोन्ही हात टेबलावर ठेवून टॉवेल पुढे-मागे सरकवायला. आरशाचाही उपयोग होतो. छातीसमोर आरसा उभा ठेवायचा, दुबळा हात त्याच्या मागे आणि चांगला पुढे. चांगला हात हलवला की आरशात दुबळा हात हलल्यासारखा दिसतो. भारतीय वंशाचे मेंदूतज्ज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी हात कापलेल्या माणसांच्या वेदनांसाठी ही युक्ती काढली आणि १९९९ मध्ये ती पक्षाघातावर वापरून पाहिली गेली. नंतरच्या चाचण्यांत तिचा मध्यम पण खरा फायदा दिसला आहे.

कित्येक आठवड्यांनंतरही काहीच हलत नसेल, तर लक्ष्य बदलावं लागतं. हात दुखू नये, आखडू नये, मिटलेल्या मुठीत घाम साचून कातडी सडू नये, आणि एका हाताने कामं कशी उरकायची ते शिकावं. हे सांगणं कठीण असतं, म्हणून अनेकदा सांगितलंच जात नाही, आणि कुटुंब दोन वर्षं मालिशवाल्यामागे पैसे घालत राहतं. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही, पण मालिशने मेंदू शिकत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारा दाबायचा चेंडूही मूठ घट्ट झालेल्या हाताला फारसा कामाचा नसतो. मिटणं त्या हाताला येतंच, अडतं ते उघडायला. मूठ फारच आखडली असेल, तर बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन ती सैल करतं. हात धुणं, नखं कापणं त्याने सोपं होतं. पण फक्त इंजेक्शनने गेलेलं कौशल्य परत येत नाही.

खांद्याला जपा

हाताच्या सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवते ती खांद्याची दुखी. लुळ्या हाताच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली उतरतो आणि वर बोटभर खळगा पडतो. त्यात कुणी उठवताना हात धरून ओढलं किंवा काखेत हात घालून उचललं, की दुखापत होते. खांदा दुखला की माणूस हात हलवू देत नाही आणि व्यायाम थांबतो. उठवताना कंबरेला आधार द्यावा. बसलेलं असताना हात उशीवर किंवा पाटावर टेकलेला असावा, झोळीत दिवसभर अडकवून ठेवू नये. छताला कप्पी बांधून, दोरीने चांगल्या हाताने दुबळा हात वर ओढायचा व्यायाम अजूनही काही ठिकाणी सांगतात. अमेरिकेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याला स्पष्ट नकार आहे, कारण त्याने खांदा दुखावतो.

रोबोट नाही म्हणून काही अडत नाही

मोठ्या शहरांत आता हाताचे रोबोट आले आहेत आणि त्यांच्या जाहिराती मोबाईलवर बोदवडपर्यंत पोहोचतात. ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत रोबोटने हाताच्या कामात वाढीव सुधारणा झाली नाही. मानेतल्या नसेला व्यायामाच्या क्षणी विजेचा झटका देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली. १०८ रुग्णांच्या चाचणीत त्या गटाचे ६६ पैकी सरासरी ५ गुण वाढले, तर यंत्र बंद ठेवलेल्या गटाचे २.४. फरक खरा आहे, पण शस्त्रक्रिया करावी लागते, आणि दोन्ही गटांनी व्यायाम तेवढाच केला होता.

माणूस मात्र लागतो. फिजिओथेरपिस्ट बहुतेकांना माहीत असतो. हाताचं रोजचं काम परत आणणं ही खास विद्या ज्याची, तो ऑक्युपेशनल थेरपिस्ट फारसा कुणाला माहीत नसतो. खरं तर या विद्येची भारतातली सुरुवात महाराष्ट्रातच झाली. मूळच्या अमेरिकन एलिझाबेथ लुंडी लग्नानंतर कमला निंबकर झाल्या आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी देशातलं पहिलं ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावाची. सत्तर वर्षं उलटली तरी हे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांतच सापडतात.

जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि डॉ. उल्हास पाटील फिजिओथेरपी महाविद्यालयही आहे. बोदवडहून रोज जाणं कुणालाच परवडत नाही. एका तासाच्या व्यायामासाठी अर्धा दिवस मोडतो आणि सोबत एका माणसाची मजुरी बुडते. पण रोज जायची गरजही नाही. पहिल्या तीन महिन्यांत दर पंधरा-वीस दिवसांनी एक फेरी करावी. थेरपिस्टने हात मोजावा, गुण वहीत लिहावेत, पुढच्या पंधरवड्याची कामं ठरवून द्यावीत आणि मधल्या काळात व्हिडिओ कॉलवर हात बघावा. फेरीला जाताना मोबाईलवर दोन व्हिडिओ काढून न्यावेत: बोटं उघडताना आणि पेला तोंडाशी नेताना. दोन्ही दर वेळी त्याच जागी, त्याच पेल्याने. वहीत रोजची तारीख आणि किती दाणे उचलले त्याचा आकडा. वेचणीच्या दिवसांत घर रिकामं असतं तेव्हा ओट्यावर आबांच्या पुढ्यात दोन वाट्या ठेवून जायला कुणाला वेळ कमी पडत नाही, आणि संध्याकाळी शेतातून आल्यावर नातवाने दाणे मोजले की वहीतला आकडा भरता येतो.